एकोणीस इंचांची खुर्ची

२०२२ साल. मला शहात्तर पुरी झाली होती. त्या वर्षी माझी बायको अंगणातल्या नळापाशी घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, खुब्यात नवा गोळा बसवला. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होतो. पण पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाहेर बोलावलं, आणि तिथं जे ऐकलं त्यानं माझी झोप गेली.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने यांना खाली बसू द्यायचं नाही. जमिनीवर तर नाहीच, पण बुटक्या खुर्चीवरसुद्धा नाही. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. गेला तर गोळा निसटू शकतो. आणि पुन्हा पडल्या, तर या वयात दुसऱ्यांदा उभं राहणं अवघड. खुर्चीची बैठक जमिनीपासून एकोणीस इंच तरी पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात पाहिजेत, म्हणजे त्यांच्यावर भार देऊन उठता येईल. मुलगा मोबाईलवर लिहून घेत होता. मला लिहायची गरज नव्हती. माझ्या घरात खुर्च्या चार, आणि त्यातली सगळ्यात उंच चौदा इंचांची. ते मला टेप न लावता माहीत होतं.

त्या खुर्च्यांचं आधी सांगितलं पाहिजे.

मी भिंगारचा. चौथीपर्यंत शाळा, पुढं नाही. सतराव्या वर्षी मिलिटरीच्या फर्निचर यार्डात पॉलिशवाला म्हणून लागलो आणि तिथंच केस पांढरे केले. मी लागलो तेव्हा साहेबांच्या बंगल्यांतलं सामान बदलत होतं. इंग्रजांच्या वेळचं जाड, नक्षीचं, वाघाच्या पंजांचं सामान बाहेर पडत होतं. नवीन येत होतं ते बुटकं, हलकं, कुठंही नक्षी नसलेलं. पाय वर जाड आणि खाली गाजरासारखे निमुळते, आणि सरळ उभे न राहता बाहेरच्या बाजूला तिरके. पाठ वेताची. हात एवढे रुंद की त्यावर चहाचा कप ठेवावा. यार्डातले जुने मिस्त्री नाकं मुरडायचे. म्हणायचे, लाकूड कमी पडलं म्हणून असं केलंय. मला मात्र ते पहिल्या दिवशीच आवडलं. पॉलिशवाल्याला लाकूड डोळ्यापेक्षा हातानं जास्त कळतं. त्या खुर्चीच्या हातावरून लाखेच्या पॉलिशात भिजवलेली कापडाची गुंडी फिरवली की ती कुठं अडायची नाही. सुरुवात कुठं झाली आणि शेवट कुठं झाला ते बोटांना कळायचं नाही, असं ते वळवलेलं होतं.

साहेबाच्या बंगल्यात बसायची आमची सोय नव्हती. चाळीस वर्षं त्या खुर्च्या पुसल्या, घासल्या, चमकवल्या, पण बसलो एकदाही नाही. कुणी बघत नसतानाही नाही. आपल्या घरी आपली असेल तेव्हा बसू, असं ठरवलं होतं.

मिलिटरीत जुन्या सामानाला कंडम करतात. कागदावर एकदा कंडम झालं की लिलाव होतो, आणि भिंगारचे भंगारवाले ढिगानं उचलतात. तिथून त्यातलं बरंचसं जळणात जातं. रविवारी चर्च सुटलं की मी त्या बाजूनं चक्कर मारायचो. एक खुर्ची तीन पायांची मिळाली. एक पाठ फुटलेली, अशा चार जमल्या. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं एक बुटकं टेबल मिळालं, त्याच्यावर कुणीतरी कोंबड्यांचं खुराडं ठेवलं होतं. रोख पैसे मोजून घेतलं असं थोडंच. भंगारवाल्याच्या घराच्या दाराला पॉलिश करून दिलं आणि खुर्ची आणली, दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला पॉलिशचा हात मारला आणि टेबल आणलं.

बाकीचं मीच जुळवलं. रेडिओ आणि बायबल ठेवायला फळी पाहिजे होती, तर वेल्डरकडून सळई वाकवून तिला बायकांच्या केसातल्या आकड्यासारखे पाय करून घेतले. बंगल्यात दिव्यांना टोप्या असायच्या, उपड्या नरसाळ्यासारख्या. मी रॉकेलचं नरसाळंच घेतलं, घासून आतून पांढरं आणि बाहेरून काळं रंगवलं, आत बल्ब सोडला. साध्या घड्याळाला भोवती सायकलच्या तारा लावून सूर्यासारखे किरण काढले. बैठकीच्या खोलीची एक भिंत हळदीच्या रंगाची केली आणि तीन पांढऱ्या ठेवल्या. बायकोनं विचारलं, रंग संपला का? मी म्हणालो, असंच असतं. ती म्हणाली, असंल.

पुण्याला शिकणारी माझी नात एकदा आली, तिनं त्या खोलीचे फोटो काढले आणि मैत्रिणींना पाठवले. म्हणाली, आजोबा, याला मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात, लोक यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. ते नाव मी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. आमच्या लेखी ते साहेबाच्या बंगल्यातलं सामान. तरी त्या आठवड्यात जो भेटेल त्याला मी ते नाव सांगितलं, हे खरं आहे.

मुलाला ती खोली कधीच आवडली नाही. त्याचं म्हणणं, पाहुणा त्या खुर्चीत बसला की त्याला काढायला दोघं लागतात. सून एका नर्सरी शाळेत शिकवते, ती बोलायची नाही, पण फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीचा कागद पेपरात आला की तो माझ्या टेबलावर उघडा ठेवायची.

तर डॉक्टरांचं ऐकून आम्ही रिक्षानं परत येत होतो. मुलानं सगळं ठरवलेलं होतं. शनिवारी आईला सोडणार. बैठकीच्या खोलीत पलंग लावायचा, कारण संडास तिथून जवळ. तिला वॉकर घेऊन फिरायला जागा पाहिजे. उंच प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणायच्या. माझ्या चार खुर्च्या आणि टेबल भंगारवाल्याला द्यायचं. त्याच्याशी बोलणंही झालं होतं, सोमवारी दहाला टेम्पो येणार होता. मुलगा ओरडून बोलत नव्हता. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "मी चौदाची एकोणीस करून देतो. शुक्रवारपर्यंत."

"अन् न्हाई झाली तर?"

"तर टेम्पो यिऊ दे. मी आडवा येनार न्हाई."

"पप्पा, हिथं मम्मीच्या पायाचा सवाल हाय. तुमच्या खुर्चीचा न्हाई."

मला ते माहीत नव्हतं का? पण मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत बसलो.

आमच्या गल्लीत समोरच एक मिस्त्री राहतो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, हात चांगला आहे. त्याच्याकडे गेलो असतो तर एका दिवसाचं काम होतं. पण फार वर्षांपूर्वी चारचौघांत तो म्हणाला होता, की आमचं काम संपल्यावर पॉलिशवाल्याचं सुरू होतं, आणि पॉलिशवाला नाही आला तरी खुर्ची उभीच राहते. लोक हसले होते. तेव्हापासून मी त्याला रामराम घालतो, तो मला घालतो, पण कामाचं बोलत नाही. म्हणून मी ठरवलं, लाकूडकामही मीच करणार.

चारांतली सगळ्यात चांगली खुर्ची निवडली, रुंद हातांची. तिचे तिरके पाय काढले. माळ्यावर जुन्या सागवानी पलंगाचे पाय होते, त्यातून नवे चार काढले, आधीच्यांपेक्षा पाच इंच लांब. तसेच निमुळते, तसेच तिरके, कारण सरळ पाय लावले असते तर ती खुर्ची म्हणजे शाळेतलं स्टूल दिसली असती. प्रत्येक पायाचं वरचं टोक बारीक करायचं आणि बैठकीखालच्या खाचेत गोंद लावून ठोकायचं, एवढाच तो सांधा. दोन दिवस मी अंगणात करवत आणि रंधा चालवत होतो. समोरचा मिस्त्री त्याच्या ओट्यावरून बघायचा. मी पाठ करून बसलो.

पाय तयार झाले ते इतके साजरे झाले की मला राहवेना. तारेला चारी पाय टांगले आणि लाखेचे हात दिले. एक, दोन, तीन. वरपासून खालपर्यंत. मग खाचाही पुसून घेतल्या, त्यातही एक हात फिरवला. सुकल्यावर बाजारातला पांढरा गोंद लावून पाय ठोकले. गुरुवारी संध्याकाळी खुर्ची उभी राहिली. टेप लावली. एकोणीस आणि वर एक सूत.

शुक्रवारी मुलगा कामावरून आला, बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, "चांगली झालीय." त्याच्या तोंडून माझ्या सामानाबद्दल हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. सुनेनं खुर्चीच्या हातावर चहाचा कप ठेवून बघितला. टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही. मी मनात म्हणालो, जिंकली.

त्याच संध्याकाळी समोरचा मिस्त्री आला. म्हणाला, बघू का काका? नको कसं म्हणणार? त्यानं खुर्ची उपडी केली, पायाच्या मुळाशी बोट फिरवलं, नखानं थोडं खरवडलं. बराच वेळ बघत राहिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, सांधा आधी केला का पॉलिश?"

मी म्हणालो, "सांधा आधी."

"मग काई काळजी न्हाई," तो म्हणाला, खुर्ची सरळ केली आणि गेला.

त्यानं विचारलं तेव्हाच मला माझी चूक कळली होती. लाखेवर गोंद धरत नाही. गोंद लाकडात शिरतो तेव्हा धरतो, आणि लाख तर लाकडाचं तोंड बंद करायलाच लावतात. माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? पण यार्डात आमच्या हाती सगळं सामान जोडून झालेलं यायचं. सुटा पाय पॉलिशला माझ्यापुढं उभ्या जन्मात आला नव्हता. समोर लाकूड आलं आणि हात चालला, जिथं थांबायचं तिथं थांबलाच नाही. चारी सांधे आतून चकचकीत, आणि गोंद नुसता मध्ये बसलेला. आज धरेल, उद्या धरेल. कधी सोडेल ते सांगता येत नाही.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण सांधे उकलून, लाख खरवडून, पुन्हा गोंद लावून शिकंज्यात धरायचे तर पुरा दिवस आणि वर रात्र जाते. बायको उद्या अकराला येणार. ती येईल तेव्हा खुर्चीचे तुकडे पडलेले असणार, प्लास्टिकची खुर्ची आणावी लागणार, आणि सोमवारी टेम्पो. शिवाय मिस्त्रीला मी खोटं सांगितलेलं. शहात्तर वर्षांच्या माणसानं, ज्यानं विचारलं त्यालाच, तोंडावर.

शनिवारी बायको आली. गाडीतून उतरवून वॉकरवर तिला आत आणली. दारातच ती थांबली. खोलीत पलंग लावला होता आणि खिडकीशी ती खुर्ची, ऊन खुर्चीच्या हातावर पडलेलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, बसते. मी म्हणालो, नको, पॉलिश ओलं हाय, लुगड्याला डाग पडंल.

"तुमचं पॉलिश दोन दिस ओलं कधीपास्नं ऱ्हायला लागलं?" ती म्हणाली. मिशनच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं आया म्हणून काढली होती, पेशंट खोटं बोलला की तिला लगेच कळायचं. पण दमली होती. पलंगावर आडवी झाली आणि झोपली.

ती झोपल्यावर मी बाजरीचं पोतं ओढत आणलं आणि खुर्चीत बसवलं. तासभर ठेवलं. मग पोतं काढून मी बसलो. डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. आवाज आला नाही. पुन्हा पोतं ठेवलं. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, पोत्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, खुर्ची मम्मीला केली का बाजरीला?" मी म्हणालो, बैठक मुरवतोय. ती तांब्या ठेवून गेली. त्या पोत्याला मी संध्याकाळपर्यंत हलवलं नाही. प्रत्येक वेळी खोलीत आलो की चारी पायांकडे बघायचो. कधी वाटायचं मागचा डावा जरा फाकलाय. वाकून बघायचो, तर नाही. पुन्हा उभा राहिलो की पुन्हा वाटायचं.

रविवारी पाच वाजता आमच्याकडे उपकार मानायची प्रार्थना होती. आमच्यात घरी कुणी आजारातून उठलं की मंडळीतले लोक घरी येतात. सतरंजी अंथरायची, दोन गीतं म्हणायची, चर्चचे पाळकसाहेब बायबलातलं वचन वाचतात, प्रार्थना करतात, मग चहा. बायकोनं दुपारीच सांगितलं की ती खुर्चीत बसणार. मी म्हणालो, पलंगच बरा, टेकायला मिळतं.

ती म्हणाली, "लोकं उपकार मानायला येनार अन् मी आजाऱ्यावानी पडून ऱ्हाऊ? माज्यासाठी केलीय न्हवं खुर्ची? का बाजरीसाठी?"

सुनेनं सांगितलं होतं तर.

मी स्वतःला म्हणालो, पोतं पन्नास किलोचं, ही त्याच्यापेक्षा जड नाही. पोतं सहा तास बसलं, ही तासभर बसेल. हे मी इतक्या वेळा म्हणालो की मला ते पटायला लागलं. पण पोतं आपल्या हातांनी उठत नाही. हातांवर भार देऊन, एका अंगावर झुकून उठत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचू दिलं नाही.

खोली भरली. बायका डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर, म्हातारे माझ्या बाकीच्या तीन खुर्च्यांत गुडघे छातीशी घेऊन, पाळकसाहेब पलंगाच्या काठावर. समोरचा मिस्त्री आमच्यातला नाही, पण शेजारधर्म म्हणून आला आणि दाराबाहेर ओट्यावर बसला. मुलानं आणि सुनेनं बायकोला धरून खुर्चीत बसवलं. पांढरं लुगडं, जांभळा काठ. तिचे पाय जमिनीला बरोबर टेकले, गुडघे खुब्याच्या खाली राहिले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. हळदीच्या भिंतीपुढं ती त्या खुर्चीत इतकी चांगली दिसत होती की दोन बायका तसं बोलल्याही.

मी खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी पाठ धरली. मला कुणीतरी बसायला सांगितलं. मी मान हलवली.

पहिलं गीत झालं. ती गाताना जरा डोलते, लहानपणापासूनची सवय. ती डोलली की माझ्या डाव्या हाताखाली पाठ रेघभर सरकायची आणि परत यायची. पहिल्यांदा वाटलं माझाच हात हलतोय. मग ती डोलायची थांबली आणि सरकणंही थांबलं. वचन वाचलं त्यातला एक शब्द माझ्या कानात गेला नाही. मी मोजत होतो, की डावा मागचा निसटला तर ती कुठं पडेल. डावीकडे, मागं. ऑपरेशन डाव्याच खुब्याचं होतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. लांब केली. डॉक्टरांसाठी केली, मुला-सुनेसाठी केली. मग म्हणाले, हे प्रभू, या बहिणीला तू असा पती दिलास की ज्यानं या वयात आपल्या हातांनी तिच्यासाठी आसन केलं आणि आताही तिला धरून उभा आहे, त्यासाठी आम्ही तुझे उपकार मानतो. सगळे आमेन म्हणाले. मी पाठ आणखी घट्ट धरली.

शेवटच्या गीताला उभं राहतात. सगळे उठायला लागले. बायकोनंही वॉकरकडे बघितलं नाही, सवयीनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि अंग पुढं घेतलं. माझ्या हाताखाली पाठ डावीकडे सरकली. या वेळी ती परत आली नाही.

मी म्हणालो, "थांब. हलू नकोस."

फार मोठ्यानं नव्हतो बोललो, पण उठणारे सगळे थांबले. बायको तशीच, अर्धवट वाकलेली, मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "खुर्ची कच्ची हाय. सांध्यात लाख मारलीय मी. गोंद धरलेला न्हाई." मग दाराकडे बघून म्हणालो, "तू इचारलं तवा मी खोटं सांगितलं. पॉलिश आधी केलं हुतं."

मिस्त्री चपला काढायच्या विसरून आत आला. मी डावी बाजू धरून ठेवली, त्यानं उजवी. मुलानं आणि सुनेनं तिला दोन्ही खाकांत धरलं, पाळकसाहेबांनी वॉकर पुढं केला, आणि ती सरळ उभी राहिली. कुणीतरी शेजारून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. बैठकीवर गोधडीची चौघडी घातली, उंची मोजली, मग बायको बसली.

मग मिस्त्रीनं खुर्ची उपडी केली आणि मागचा डावा पाय धरून थोडा पिळला. दाढ निघावी तसा तो त्याच्या हातात आला. टोक चकाकत होतं. त्यानं ते उजेडात धरलं, आणि सगळ्यांना दिसलं. गोंदाचा पापुद्रा साबणाच्या सालपटासारखा लोंबत होता.

माझी बायको बघत होती. म्हणाली, "आतूनबी चकाकतंय की. कोन बघनार हुतं वो तिथं?"

एक म्हातारा हसला, मग दोन बायका, मग सगळे. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी हसलो नाही. मुलगाही हसला नाही. तो आईच्या खुर्चीमागं उभा होता, मी ज्या तऱ्हेनं उभा होतो त्याच तऱ्हेनं, दोन्ही हातांनी प्लास्टिक धरून. ती खुर्ची कुठं जाणार नव्हती, तरी त्यानं सोडली नाही.

लोक चहा घेऊन गेल्यावर तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलायचा त्याला हक्क होता. तो म्हणाला, "शुक्रवारीच सांगायचं हुतं, पप्पा." एवढंच. मग थोड्या वेळानं म्हणाला, की टेम्पोला नको म्हणून फोन करतो, चार खुर्च्या नाहीत पण एक-दोन राहू द्या. मी म्हणालो, शब्द दिला होता, टेम्पो येऊ दे. तो म्हणाला, हट्ट करू नका. मी म्हणालो, वॉकरला जागा नाही, ते मी आज बघितलंय. हे खरंही होतं. तिन्ही बुटक्या खुर्च्यांना वळसा घालून तिला पलंगापर्यंत न्यायला पाच मिनिटं लागली होती, आणि एकदा वॉकरचा पाय टेबलाला अडकला होता. चार दिवस मी एकाच खुर्चीच्या पायांकडे बघत होतो, बाकी खोली मला दिसलीच नव्हती.

बायको पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, ती रुंद हातांची तेवढी ठेवा. नीट करून आणा. तीन महिने प्लास्टिकला पाठ चिकटवून मी बसायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. लाल खुर्ची खिडकीशी नेली, जिथं ऊन येतं आणि गल्ली दिसते तिथं, आणि बायकोला चहा दिला. दहाला टेम्पो आला. तीन खुर्च्या आणि टेबल मी स्वतः उचलून चढवलं, पायांत गोणपाट घातलं, म्हणजे वाटेत घासायचे नाहीत. भंगारवाल्याचा माणूस म्हणाला, बाबा, तिकडं तोडणारच आहेत. मी म्हणालो, तोडा, पण वाटेत घासू नका.

मग उरलेल्या खुर्चीचे बाकीचे तीन पायही उपसले, चारी पिशवीत घातले, खुर्ची खांद्यावर घेतली, आणि गल्ली ओलांडून मिस्त्रीच्या ओट्यावर गेलो. तो लाकूड तासत होता. मी म्हणालो, काय करायचं ते सांग. त्यानं मान वर न करता काचेचा एक तुकडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, आधी सगळी लाख काढा, लाकूड कोरं दिसलं पाहिजे. मी जमिनीवर बसलो, पहिला पाय मांडीवर घेतला आणि माझंच पॉलिश खरवडायला लागलो. कोरं झालंसं वाटल्यावर त्याला दाखवलं. तो म्हणाला, अजून. मी अजून खरवडलं.